विडी वळणाऱ्या बायकांचं मॅगझीन आणि त्याचं तीनदा बदललेलं कव्हर

मी सोलापूरला नवी पेठेत डीटीपी आणि डिझाईनचं काम करते. लग्नपत्रिका, हँडबिल, चादरीची लेबलं, कुणाच्या दिवाळी अंकाची पानं लावून देणं, असं सगळं. दोन वर्षांपूर्वी काही बचत गटांच्या बायका एकत्र येऊन माझ्याकडं आल्या, त्यांना स्वतःचा एक अंक काढायचा होता, चार महिन्यांतून एकदा, ३२ पानं आणि वर कव्हर, ५०० प्रती, किंमत १० रुपये. अंकाचं नाव आणि गटांची नावं इथं देत नाही कारण त्यात घरातल्या गोष्टी आहेत. पण झालं काय ते सगळं लिहिते, कारण एखाद्या गटासाठी मॅगझीन डिझाईन करायचं म्हणजे काय करायचं हे मला या तीन अंकांतच कळलं, आणि कुठल्या क्लासमधे हे असं कुणी सांगितलं नव्हतं.

बाहेरगावच्या लोकांसाठी थोडं सांगते. सोलापुरात तेलुगू बोलणारा पद्मशाली समाज फार मोठा आहे, पिढ्यान् पिढ्या विणकाम करणारा. पुरुष यंत्रमागावर, आणि बायका घरी बसून विडी वळणार, ही कितीतरी घरांची रीत. कुंभारीजवळ गोदूताई परुळेकरांच्या नावानं विडी कामगार बायकांसाठी १०,००० घरांची वसाहत उभी राहिली, त्यावरून किती बायका या कामात आहेत याचा अंदाज येईल. काम असं की तेंदूचं पान भिजवायचं, मापाला कात्रीनं कापायचं, मांडीवरच्या सुपात तंबाखू, ती पानात भरून वळायची, दोरा गुंडाळायचा, तोंड बंद करायचं. मजुरी हजार विड्यांवर. त्यांच्यासाठी १९६६ साली वेगळा कायदा झाला होता, पण तो विषय मोठा आहे आणि अंकात त्यावर आम्ही एक लेखमाला पण चालवतो, इथं नको.

पहिला अंक दिवाळीचा होता. मला वाटलं दिवाळी अंक म्हणजे कव्हरवर बाई पाहिजेच. विकत मिळणाऱ्या फोटोंतून एक घेतला, गोरीपान मुलगी, पैठणी, नथ, हातात दिवा, मागं काळोख. नाव सोनेरी रंगात, एकदम बारीक फॉन्टमधे, कारण बारीक फॉन्ट म्हणजे रिच दिसतो असं आमच्या धंद्यात सगळे धरून चालतात. वर ग्लॉस लॅमिनेशन. स्क्रीनवर फार देखणं दिसत होतं, मी खरंच खूश होते.

अंक गेलाच नाही. गटाच्या खोलीत टेबलाखाली गठ्ठे तसेच पडून. मी विचारायला गेले तर एक मोठ्या अक्का म्हणाल्या, "आम्हाला वाटलं सराफाचं आहे, दागिन्याचं." आणि दुसऱ्या एकीनं कव्हर हातात घेऊन नीट बघून विचारलं, "ही कुणाच्या घरची?" तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. त्या बाईला कव्हरवरची बाई सुंदर आहे का नाही हे बघायचंच नव्हतं, ती कुणाची कोण हे बघायचं होतं. आणि ती कुणाचीच कोण नव्हती. बॅक कव्हरला खरोखर एका सराफी दुकानाची जाहिरात होती आणि पुढचं-मागचं कव्हर शेजारी ठेवलं तर दोन्ही एकाच दुकानाचे वाटत होते.

ही कव्हरवरची बाई माझ्या डोक्यात आली कुठून याचा मी नंतर बराच विचार केला. आपल्या मराठी अंकांची ती परंपराच आहे. १९३० साली किर्लोस्करांनी 'स्त्री' मासिक काढलं ते शिकणाऱ्या, घराबाहेर बघायला लागलेल्या मध्यमवर्गीय बाईसाठी. दीनानाथ दलालांनी १९४५ मधे 'दीपावली' सुरू केला आणि त्यांच्या चित्रातली बाई घराघरात गेली. दलालांची कव्हर्स मला आजही जीव की प्राण आहेत, रंग लावावा तर त्या माणसानं. पण ती बाई ज्या घरांत जाणार होती त्या घरांना ओळखून काढलेली होती. मी तोच चेहरा उचलून अशा ओट्यावर नेऊन ठेवला जिथं तिला कुणी ओळखत नव्हतं.

मग दुसऱ्या अंकाला मी ठरवलं की खरं दाखवायचं. माझ्या ओळखीचा एक फोटोग्राफर चांगला आहे, त्याला घेऊन गल्लीत गेले, त्यानं उभ्यानं वरून बरेच फोटो काढले आणि आम्ही एक निवडला. ब्लॅक अँड व्हाईट. फक्त हात. पानाच्या रसानं काळी पडलेली बोटं, सुरकुत्या, सूप, तंबाखूचा चुरा, आणि अंधारातून येणारा उजेड. चेहरा आम्ही क्रॉप केला कारण हातावर फोकस यावा. डिझाईनवाल्या मित्रांना पाठवलं तर सगळ्यांनी वाहवा केली, कुणी म्हणालं बक्षिसाला पाठव.

बायकांनी कव्हर बघितलं आणि बराच वेळ कुणी बोललंच नाही. मग एकजण म्हणाली, "पुढल्या आठवड्यात पोरीला बघायला येणार आहेत ताई, हे घरात ठेवू कुठं?" आणि ज्यांचे हात होते त्या अक्कांनी स्वतःचे हात चांदीच्या अंगठीवरून ओळखले. त्यांनी हळूच विचारलं, "माझं तोंड काय वाईट होतं काय?"

मला उत्तर देता आलं नाही. आजही ते वाक्य आठवलं की पोटात तुटतं.

या अक्का वीस-पंचवीस वर्षं विडी वळतायत, त्यावर पोरगी नर्सिंगला घातली, पोराला पुण्याला पाठवलं, आणि मी छापलं काय तर बोटांचा काळेपणा. मला त्यातून कष्टाचा सन्मान दाखवायचा होता, हे खरंच मनापासून. पण स्टुअर्ट हॉल नावाच्या अभ्यासकानं १९७३ मधे मांडलंय की बनवणारा जो अर्थ आत भरतो तोच वाचणारा बाहेर काढेल असं नाही, वाचणारा आपल्या जागेवरून वाचतो, कधी मान्य करतो, कधी अर्धं घेतो अर्धं सोडतो, कधी सरळ उलटं वाचतो. मी सन्मान भरला, त्यांनी गरिबीचं प्रदर्शन वाचलं. आणि त्यांचंच वाचन बरोबर होतं, कारण तो फोटो त्यांच्यासाठी काढलेलाच नव्हता, तो मला आणि माझ्या डिझाईनवाल्या मित्रांना भिडणारा होता. त्यांच्याविषयी होता पण त्यांच्याशी बोलत नव्हता. मॅगझीनमधे हे दोन फार सहज वेगळे पडतात, फोटो एका लोकांचा आणि कौतुक दुसऱ्या लोकांचं.

याचं मोठं उदाहरण आपल्याच देशात होऊन गेलंय. ऑगस्ट २००८ च्या 'व्होग इंडिया' या फॅशन मासिकात एक फोटोंची मालिका आली, साध्या गरीब माणसांच्या हातात महागड्या ब्रँडच्या वस्तू. एका बाळाच्या गळ्यात फेंडीचं लाळेरं, एकाच्या हातात बर्बरीची छत्री. त्यावर जी टीका झाली त्यात एक मुद्दा असा होता की वस्तूंची, ब्रँडची नावं छापली आणि माणसांची नाही. मी ब्रँडबिंड काही विकत नव्हते, पण माझ्या कव्हरवर फोटोग्राफरचं नाव होतं, डिझाईन कुणाचं ते आत होतं, आणि हात कुणाचे ते कुठंच नव्हतं. हे लक्षात आलं तेव्हा मी त्या अक्कांच्या घरी जाऊन माफी मागितली. त्यांनी चहा दिला आणि कव्हरचं नावसुद्धा काढलं नाही, मुलीच्या परीक्षेचं बोलत बसल्या.

त्यानंतर मी कॉम्प्युटर बंद ठेवला आणि जवळपास महिनाभर आठवड्यातून दोन-तीन दुपारी नुसती ओट्यावर जाऊन बसले. हे आधीच करायला हवं होतं. तिथं मला जे दिसलं त्यानं अंकाची आतली पानंच बदलून गेली.

पहिली गोष्ट म्हणजे या बायका अंक 'वाचत' नाहीत, ऐकतात. दोन्ही हात कामात, पंधरा मिनिटं थांबलं तर पंधरा मिनिटांची मजुरी गेली. शाळेतून आलेली एखादी पोरगी मधे बसून मोठ्यानं वाचते आणि सात-आठजणी वळता वळता ऐकतात, मधेच कुणी थांबवून विचारतं, कुणी तेलुगूत समजावून सांगतं, परत पुढं. म्हणजे माझी खरी वाचक आठवी-नववीतली मुलगी होती, आणि तिचा आवाज ऐकणाऱ्या तिच्या आई, मावश्या, आज्या. आणि मी काय केलं होतं, दोन कॉलम, ११ पॉइंटचा मजकूर, मधे मधे चौकटी, एक लेख पान ७ वरून उडी मारून २६ वर. मोठ्यानं वाचणाऱ्या पोरीला हे सगळं अडतं. ती चौकटीपाशी आली की तिला कळत नाही आधी हे वाचू का ते, आणि पान २६ शोधेपर्यंत बायकांचं बोलणं दुसरीकडं गेलेलं असतं.

दुसरं, अंक जमिनीवर उघडा पडलेला असतो, मांडीवर नाही, मांडीवर सूप आहे. म्हणजे डोळ्यापासून लांब. संध्याकाळी उजेड एका ट्यूबचा, आणि ग्लॉसी पानावर तो उजेड असा चमकतो की अर्धी ओळ दिसतच नाही. शिवाय लॅमिनेशनवर हाताचे डाग बसतात ते ठळक दिसतात, म्हणून बायका हातच लावायच्या नाहीत, "घाण होईल" म्हणून. माझ्याच कव्हरनं त्यांना सांगितलं होतं की तुमचे हात घाण आहेत. मला हे कळल्यावर खूप वेळ सुन्न बसले मी.

मग आतला कागद साधा, चमक नसलेला मॅपलिथो घेतला, कव्हरला नुसतं मॅट. मजकूर १५ पॉइंट, एकच कॉलम, ओळींत भरपूर मोकळी जागा, म्हणजे वाचणाऱ्या पोरीनं मान वर करून कुणाला उत्तर दिलं तरी परत आल्यावर ओळ सापडते. चौकटी सगळ्या काढल्या. लेखाची लांबी मी विड्यांवर मोजली. हजार विड्यांना आठ ते दहा तास धरले तर पंचवीसच्या एका बंडलाला बारा ते पंधरा मिनिटं होतात, म्हणून एक लेख मोठ्यानं वाचून त्या वेळात संपला पाहिजे असं ठरवलं. संपादन करणाऱ्या ताईंना हे आधी पटेना, त्या म्हणाल्या लेख कापायचा म्हणजे लिहिणाऱ्याचा अपमान, पण एक दुपार येऊन बसल्या आणि मग त्यांनीच स्वतःच्या लेखाची चार पानं कापून तीन केली.

भाषेचा घोळ मोठा होता. घरात बोलणं तेलुगू, शाळा बहुतेकींची मराठी. तरुण पोरींना तेलुगू बोलता येतं पण लिपी येत नाही, दोन-तीन आज्यांना तेलुगू लिपी येते आणि मराठी अडखळत, आणि काही आज्यांना दोन्ही नाही. पूर्ण अंक दोन भाषांत करायचा खर्च परवडणारा नव्हता. इथं मला चांदोबा आठवला. तो १९४७ मधे मद्रासहून तेलुगू आणि तमिळमधे निघाला आणि मराठीत १९५२ ला आला, चित्रं तीच, अक्षरं वेगळी. ओट्यावरच्या एका आजींच्या वडिलांकडं तेलुगू चांदामामा यायचा आणि शेजाऱ्यांकडं मराठी चांदोबा, दोघी मैत्रिणी चित्रावरून गोष्ट जुळवायच्या. तसंच केलं मग, लेख मराठीत, पण प्रत्येक लेखाचं नाव आणि फोटोखालची ओळ दोन्ही लिप्यांत, आणि फोटो असा की नुसता बघून पण विषय कळावा.

फॉन्टचं पण सांगायला पाहिजे कारण मला त्याचा मनापासून आनंद झाला. मुंबईच्या एक टाईप या लोकांनी बलू नावाचं एक जाडसर, गोलसर टाईप केलंय, गुगलवर फुकट मिळतं. बारीक सोनेरी फॉन्टमधे वेलांट्या-मात्रा लांबून तुटायच्या, या जाडसर अक्षरांत तसं होत नाही. त्याचं तेलुगू भावंड आहे बलू तम्मुडु, तम्मुडु म्हणजे तेलुगूत धाकटा भाऊ. कन्नडला बलू तम्मा, उर्दूला बलू भाईजान. सोलापूरच्या चारी भाषा एकाच घरातल्या भावंडांसारख्या एका वळणात. अंकाचं नाव मराठीत वर आणि लगेच खाली तेलुगूत, दोन्ही सारख्याच जाडीत. आधी मी तेलुगू ओळ लहान ठेवली होती तर एक अक्का म्हणाल्या आमची भाषा कोपऱ्यात कशाला बसवली. मोठी केली.

आता तिसरं कव्हर. या वेळी मी काही ठरवलं नाही, त्यांना विचारलं. त्यांनी पाचजणी निवडल्या, त्यात त्या हातवाल्या अक्का पहिल्या. कुठली साडी हे त्यांनी ठरवलं, केस धुऊन, गजरे घालून रविवारी सकाळी दहाला ओट्यावर बसल्या. सूप घ्यायचं का नाही यावर अर्धा तास चर्चा झाली. तरुण पोरी म्हणाल्या नकोच, मोठ्या अक्का म्हणाल्या, "सूप असू दे, त्यानंच घर चाललंय, पण मांडीवर नको. आज सुट्टी आहे." सूप शेजारी भिंतीला टेकवून ठेवलं. हे मला शंभर वर्षं बसून सुचलं नसतं.

फोटो मी स्वतः काढला, जमिनीवर मांडी घालून, कॅमेरा त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला. आधीच्या वेळी उभ्यानं वरून काढला होता, आणि वरून काढलेला माणूस आपोआप बिचारा दिसतो. या वेळी पाचही जणी सरळ कॅमेऱ्यात बघतायत. कव्हरवरचा माणूस सरळ बघतो तेव्हा तो हातात अंक घेणाऱ्याशी बोलत असतो, पहिल्या कव्हरवरची पैठणीवाली दिव्याकडं बघत होती, दुसऱ्यावर तर डोळेच नव्हते.

एक गोष्ट अवघड गेली. पाचातल्या एकीनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "ताई, मला जरा गोरी कर की, बाकीच्या नाही केल्या तरी चालेल." काय करायचं? त्यांना पाहिजे तसं दाखवायचं म्हणत होते आणि हे करायला मात्र मन होईना. शिकागोत जॉन एच. जॉन्सननं नोव्हेंबर १९४५ मधे काळ्या लोकांसाठी 'एबनी' मासिक काढलं, म्हणजे आपल्याकडं 'दीपावली' सुरू झाला त्याच साली. गोऱ्यांच्या मासिकांत काळ्या माणसांचं जे येत नव्हतं ते यानं दाखवलं, चांगले कपडे, घरं, यश, लग्नं. वाचकांना स्वतःला जसं बघायचं होतं तसं. आणि त्याच अंकांत कातडी उजळवणाऱ्या क्रीमच्या जाहिरातीसुद्धा यायच्या. म्हणजे हा गुंता जुना आहे, माझ्याकडं त्याचं काही शहाणं उत्तर नाही. मी कॉम्प्युटरवर रंग बदलला नाही, पण समोर एक पांढरी चादर धरायला लावली, सोलापुरात चादरीला काय तोटा, आणि तिच्यावरून परतलेला सकाळचा उजेड पाचही चेहऱ्यांवर सारखा पाडला. तिनं फोटो बघितला आणि म्हणाली बास, असंच ठेव.

पाचही जणींची पूर्ण नावं फोटोवरच छापली, मोठी. आणि मुद्दाम मधल्या उंचीला, तळाला नाही, कारण पोरी कव्हरचा फोटो काढून व्हॉट्सॲप स्टेटसला लावतात तेव्हा खालचं कापलं जातं हे मी ओट्यावर बघितलेलं.

५०० प्रती अकरा दिवसांत संपल्या. एकेका घरानं पाच-सहा नेल्या, सोलापूरच्या बाहेर दिलेल्या लेकींना पाठवायला. ज्यांच्याकडं मुलीला बघायला यायचे होते त्यांनी स्वतः अंक टेबलावर ठेवला. एका घरी मी बघितलं, मार्कंडेय ऋषींच्या फोटोखाली भिंतीला लावलेलं कव्हर. नर्सिंगच्या ज्या पोरी आधी "विडीचं मॅगझीन" म्हणून लांब राहायच्या त्यांनी त्यांचं स्वतःचं एक पान मागून घेतलं.

जाहिरातदार मात्र नाराज झाले. एका दुकानानं सांगितलं कव्हर 'प्रीमियम' वाटत नाही, आणि पुढच्या वेळी जाहिरात दिली नाही, त्यांचं नाव घेत नाही. त्या पैशाची तूट गटांनी वर्गणीतून भरली, ते सोपं नव्हतं, आणि पुढं कसं जमेल याची मला काळजी आहे. कव्हरवर कोण नाही यावरून पण दोन घरांत अबोला झाला, तो अजून पूर्ण गेलेला नाही.

पण सगळ्यात जास्त विचार करायला लावलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. पलीकडच्या गल्लीतल्या मुस्लिम बायका पण विडीच वळतात, त्याच कारखान्याला माल देतात, एकाच रांगेत उभ्या राहतात. त्यातली एक आपा, जिनं पहिल्या अंकापासून वर्गणी दिली होती, तिसरं कव्हर बघून म्हणाली, "अच्छा है. पण हे तुमच्या गल्लीचं झालं." गजरे, कुंकू, तेलुगू ओळ, ओट्यावरची रांगोळी, एकेका गोष्टीनं एका घराला जवळ केलं होतं आणि त्याच गोष्टीनं दुसऱ्या घराला सांगितलं की हे तुमचं नाही. कन्नड बोलणाऱ्या बायकांनी बोलून नाही दाखवलं पण त्यांच्याकडं अंक कमीच गेला. गट म्हणजे 'विडी कामगार बायका' असं मी कागदावर लिहिलं होतं. ओट्यावर बसले ते एकाच ओट्यावर.

चौथ्या अंकाचं काम आता चालू आहे. चार ओटे, चार फोटो, चारही भाषांत अंकाचं नाव. उर्दू उजवीकडून सुरू होते म्हणून सगळी ओळ परत मांडावी लागली, डावीकडं दाबून ठेवलेल्या तीन लिप्यांच्या मधे ती चौथी लटकत होती, शेवटी चारही मधोमध आणल्या. परवा प्रूफ घेऊन आपांकडं गेले. त्यांनी सूप बाजूला ठेवलं, पदराला हात पुसला आणि उर्दू अक्षरांवर बोट ठेवून सावकाश वाचत गेल्या. एका ठिकाणी बोट थांबलं. "यहाँ एक नुक्ता कम है," म्हणाल्या, "नाव बदलतंय यानं." प्रेसला फोन करून प्लेट थांबवली. आज संध्याकाळी दुरुस्त प्रूफ घेऊन परत जायचंय.